दगड झालेले लाकूड ओळखताना या चुका टाळा

माझ्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ‘अश्मीभूत लाकूड’ अशी चिठ्ठी लावलेला एक दगड सहा वर्षे मानाने बसला होता. वर्धा जिल्ह्यातल्या एका ओढ्याच्या पात्रात तो मला मिळाला होता. रंग सागाच्या फळीसारखा तपकिरी, अंगावर लांबच लांब समांतर रेषा आणि एका कडेला साल सोलल्यासारखा खडबडीत पापुद्रा. पाहणारा प्रत्येक जण ‘अगदी लाकूडच की हो’ म्हणे आणि मलाही त्यात शंका घ्यावीशी वाटत नसे. पुढे साफसफाईत तो हातातून निसटला आणि त्याचे एक टोक फुटले. ताज्या फुटीवर पाणी टाकून दहापट भिंगातून पाहिले, तर ते पट्टे एका लहानशा पोकळीला वळसा घालून पुन्हा स्वतःलाच येऊन मिळत होते आणि पोकळीत गारगोटीचे स्फटिक खडीसाखरेसारखे चमकत होते. तो सरळसरळ अकीक, म्हणजे गारगोटीच्या घराण्यातला पट्टेदार दगड होता. त्याच ओढ्यातून त्याच दिवशी आणलेला एक काळपट, ठिपक्याठिपक्यांचा दगड मी तुळशीच्या कुंडीखाली टेकू म्हणून सरकवून ठेवला होता; खरा ताडकुळातल्या झाडाच्या खोडाचा तुकडा निघाला तो हा.

पहिली आणि सर्वांत महाग चूक: बाजू पाहून निकाल देणे

आपण लाकूड रोज पाहतो ते दाराच्या फळीत, टेबलावर, पलंगाच्या पाटीत, म्हणजे बहुतेक वेळा लांबीच्या बाजूने. त्यामुळे समांतर रेषा दिसल्या की मन लगेच लाकूड म्हणून मोकळे होते. पण अशा रेषा निसर्गात स्वस्त आहेत. अकिकात आणि त्याच्याच नात्यातल्या अपारदर्शक जॅस्परमध्ये पट्टे असतात, वालुकाश्मातून झिरपणारे लोहयुक्त पाणी त्यात पिवळ्या-तांबड्या लाटा उमटवते, पाटीच्या दगडाला थर असतात, आणि जिप्सम किंवा कॅल्साइट ही खनिजे तंतूंच्या रूपात वाढली तर ते चिरलेल्या बांबूसारखे दिसतात. या सर्वांची बाजू फसवी असते. टोक मात्र सहसा फसवत नाही. सुतारसुद्धा ओंडक्याची जात ठरवताना त्याचे आडवे कापलेले टोक ओले करून पाहतो, आणि दगडाच्या बाबतीत आपल्यालाही नेमके तेच करायचे असते.

याचे कारण लाकूड दगड कसे होते यात आहे. झाड गाळात किंवा राखेत लवकर गाडले गेले, हवा न लागल्यामुळे त्याचे कुजणे मंदावले, आणि भूजलात विरघळलेली सिलिका (गारगोटी जिची बनते ते द्रव्य) पेशींच्या पोकळ्यांत व भित्तींत हळूहळू साचत गेली, तर पेशींचा नकाशा दगडात तसाच राहतो. तो नकाशा आडव्या छेदात वाचता येतो. रुंदपर्णी झाडाच्या लाकडात वाहिन्यांची सुईने टोचल्यासारखी छिद्रे दिसतात आणि त्यांच्यामधून गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या केसासारख्या बारीक रेषा, म्हणजे किरण, धावतात. सूचिपर्णी झाडात मोठी छिद्रे नसतात. तिथे जवळपास सारख्या मापाच्या पेशी विणलेल्या चटईसारख्या ओळीने मांडलेल्या असतात. अकिकाच्या पट्ट्यात भिंगाखाली असे काहीही सापडत नाही. तो पट्टा सलग, गुळगुळीत असतो आणि पोकळीच्या भिंतीचा आकार निमूटपणे गिरवत जातो.

वलयांवर भलता विश्वास

‘वलये मोजता आली तरच झाड’ हा समज शाळेच्या पुस्तकातून आपल्या डोक्यात बसला आहे आणि तो दोन्ही बाजूंनी नडतो. उष्ण प्रदेशातल्या पुष्कळ झाडांत वार्षिक वलये अस्पष्ट असतात, काहींत ती नसतातच, आणि ताडकुळातल्या झाडांत तर मुळीच नसतात. म्हणून वलये नाहीत या कारणावरून तुकडा फेकून देऊ नये.

उलट, महाराष्ट्रात वलये दाखवणारा सर्वांत हुकमी तोतया म्हणजे कुजू लागलेला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे मऊ मुरमात गोल गोल दगड बसलेले दिसतात आणि त्यांच्याभोवती कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले असतात. भेगांतून शिरलेले पाणी बेसाल्टच्या ठोकळ्याचे कोपरे आधी खाते, कडा नंतर, आणि शेवटी गोल गाभा उरतो. समोरून पाहिले तर ते हुबेहूब कापलेल्या बुंध्यासारखे दिसते. मात्र हे पापुद्रे नखाने किंवा काडीने सुटे होतात आणि गाभ्यात निव्वळ काळा बेसाल्ट असतो. मुंबईत अंधेरीला असलेली गिल्बर्ट हिल ही सुमारे 60 मीटर उंचीची, उभ्या खांबांची टेकडी पाहून ‘हा राक्षसी झाडाचा बुंधा’ असे छातीठोकपणे सांगणारेही भेटतात. ते खांब लाव्हा थंड होऊन आकसताना पडलेल्या भेगांमुळे बनले आहेत, आणि त्यांचा तुकडा भिंगाखाली धरला तर पेशींच्या जागी खनिजांचे कण दिसतात.

ठिपके दिसले की गोंधळ

इथे जरा थांबावे लागेल, कारण दख्खनच्या दगडांत खरी परीक्षा हीच आहे. ताडकुळातल्या खोडाच्या आडव्या छेदात वाहिन्यांचे जुडगे ठिपक्यांसारखे विखुरलेले असतात. आपल्याकडच्या बेसाल्टमध्येही पांढरे, हिरवट ठिपके सर्रास दिसतात. लाव्हातून निसटणाऱ्या वायूचे बुडबुडे मागे राहिले आणि पुढे त्यांत झिओलाइट, कॅल्साइट किंवा कॅल्सेडनी यांसारखी खनिजे भरली, की ते तयार होतात. टोकाकडून पाहताना दोन्ही दगड सारखेच वाटतात. फरक हवा असेल तर दगड फिरवून बाजूकडे पाहावे. लाकडातला ठिपका म्हणजे एका लांब दोरीचे टोक असते, त्यामुळे बाजूने त्याची रेष झालेली दिसते. बुडबुडा मात्र कुठूनही पाहा, गोल किंवा बदामी ठिपकाच राहतो. शिवाय खोडातले ठिपके साधारण एकाच मापाचे, अनेकदा मिलिमीटरभराचे असतात आणि सालीकडे दाट होत जातात, तर बुडबुडे एकाच दगडात मोहरीएवढेही असतात आणि लिंबाएवढेही.

तरीही एक चकवा उरतो. लाव्हाच्या थराच्या अगदी तळाशी वायू वर चढताना नळ्या तयार करतो आणि त्या पांढऱ्या खनिजाने भरल्या की दगडात पेन्सिली रोवल्यासारख्या दिसतात. या नळ्यांना टोकाकडून ठिपका आणि बाजूने रेष असे दोन्ही असते, त्यामुळे वरची कसोटी त्यांच्यापुढे लंगडी पडते. मी स्वतः अशा एका तुकड्यावर तावातावाने वाद घातलेला आहे आणि तो हरलोही आहे. अशा वेळी ठिपक्यांपेक्षा ठिपक्यांमधल्या जागेकडे पाहावे: लाकडात तिथेही पेशींचे बारीक जाळे असते, नळ्यांच्या दगडात तिथे काळा, दाणेदार बेसाल्ट असतो. नळ्या सहसा जाडही असतात, लाव्हाच्या प्रवाहाच्या दिशेला कललेल्या असतात आणि कधी कधी दोन नळ्या वर जाऊन एक होतात.

कठीण, जड, म्हणजे झालेच?

काच ओरखडली, चाकूने रेघ उठली नाही, म्हणजे लाकूड अश्मीभूत आहे, असे अनेक जण ठरवून टाकतात. सिलिका झालेले लाकूड, अकीक, जॅस्पर आणि चकमक हे सगळे मुळात गारगोटीच्याच घराण्यातले आहेत. मोहसच्या 1 ते 10 मापनावर कठीणपणा सगळ्यांचा 7 च्या आसपास आणि घनता पाण्याच्या 2.6 पटीच्या आसपास. म्हणजे ही चाचणी लाकडाला त्याच्या सर्वांत जवळच्या तोतयांपासून वेगळे करूच शकत नाही. तिचा उपयोग एवढाच, की पाण्यात काळे पडलेले पण अजून लाकूडच असलेले ओंडके, मऊ चिखलदगड आणि चुनखडक बाजूला काढता येतात. व्हिनेगरचा थेंब टाकल्यावर फेस आला तर कॅल्साइट आहे एवढेच कळते. काही लाकडे कॅल्साइटनेही अश्मीभूत होतात, त्यामुळे फेस हा विरोधी पुरावा धरू नये. तापवलेली सुई टोचणे, हातोडीने कोपरा उडवणे असले प्रयोग तर करूच नयेत.

रंगाला पुराव्यात स्थान नाही. लोह तांबडे-पिवळे करते, मँगनीज काळे, आणि लाकडासारखा तपकिरी रंग साध्या लोहयुक्त पाण्यानेही येतो. दगडावर नेच्यासारखी काळी नक्षी असेल तर ती बहुधा मँगनीजच्या ऑक्साइडची असते. उत्तर प्रदेशात बांदा येथे केन नदीत मिळणारा शजर दगड अशाच नक्षीसाठी प्रसिद्ध आहे. दुकानात ‘ट्री अ‍ॅगेट’ नावाने मिळणाऱ्या दगडाचाही झाडाशी संबंध नक्षीपुरताच.

जागा न पाहणे

दगड कुठे मिळाला हे विसरणे म्हणजे अर्धा पुरावा फेकणे. लाव्हाचे दोन लोट वाहण्याच्या मधल्या शांत काळात तळी साचली, गाळ बसला, झाडे वाढली, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे ते पातळ गाळाचे थर हेच दख्खनमधल्या बहुतेक अश्मीभूत लाकडाचे घर आहे. नागपूरजवळचे टाकळी, वर्धा जिल्ह्यातले नवरगाव, छिंदवाड्यातले मोहगाव कलाँ, मध्य प्रदेशातल्या दिंडोरी जिल्ह्यातले घुघुआ ही नावे त्यामुळेच अभ्यासकांच्या तोंडी असतात. आजूबाजूला असा थर नसून नुसता अखंड बेसाल्ट असेल तर आधी तोतयाचाच संशय घ्यावा. ओढ्यातला दगड मात्र वाहत आलेला असतो, त्यामुळे त्याचे घर वरच्या अंगाला शोधावे लागते. सिरोंचाजवळचे वडधम किंवा जैसलमेरजवळचे आकल यांसारख्या राखलेल्या ठिकाणी दगड उचलू नये. नाणे शेजारी ठेवून टोकाचा आणि बाजूचा असे दोन फोटो पुरतात.

एवढे करूनही काही तुकडे बोलत नाहीत. सिलिकेचे स्फटिक नंतर मोठे वाढले तर पेशींचा नकाशा पुसला जातो आणि भिंगात नुसती साखर दिसते. मग 0.03 मिलिमीटर जाडीचा पारदर्शक काप घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे एवढाच मार्ग उरतो, आणि ते लखनऊच्या बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणचे काम आहे. माझ्याकडे असे चार तुकडे आहेत. त्यांच्या चिठ्ठीवर मी पेन्सिलीने ‘बहुधा लाकूड’ असे लिहिले आहे, आणि अकिकाचा तो जुना दगड आता तुळशीच्या कुंडीखाली आहे.