गोधडी पुठ्ठ्यासारखी कडक होते? या चुका टाळा

लेकीसाठी मी हौसेनं क्विल्ट शिवला. बोटाबोटाच्या अंतरावर मशीननं वेलबुट्टी काढली. भिंतीवर टांगला तेव्हा सगळ्यांनी वाखाणला. अंगावर घेतला तर पापडासारखा उभाच राहिला. आजीची वाकळ मात्र विटलेली, ठिगळं लावलेली, पण अंगावर टाकली की अंगाचीच होते.

चूक माझीच होती. वाकळीचा मऊपणा जुन्या लुगड्यांतून येतो. वर्षानुवर्षं धुऊन त्यांची खळ गेलेली असते, सूत सैलावलेलं असतं. हाताचा धावदोरा एकेरी असतो, थरांना थोडं हलू देतो. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकून थर आवळून धरतात. नवं कापड, त्यात दाट नक्षी, मग कडक होणारच. पांघरायचं असेल तर दोन शिवणींत तीन-चार बोटं जागा सोडा आणि टाका ३ मिलिमीटरचा ठेवा. मात्र आत सुटा कापूस भरला असेल तर इतकं अंतर चालत नाही, पहिल्याच धुण्यात गोळे होतात. दाट नक्षी भिंतीवरच्या तुकड्याला किंवा उशीच्या खोळीला शोभते.

आपल्याकडची खास चूक म्हणजे आत सोलापुरी चादर घालणं. विरलेली, झिजलेली असेल तर खुशाल घाला, उत्तम ऊब येते. पण नवी जॅकार्डची, म्हणजे विणीतच नक्षी असलेली चादर मुळातच जाड. सुया मोडतात, आणि धुताना ते ओझं दोघींनाही पिळवत नाही. गडद लाल चादर असेल तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघा. फडकं गुलाबी झालं तर ती फिक्या लुगड्याखाली नको.

इरकलीचा पदरही जपून वापरा. अंग सुती आणि पदर रेशमी असेल तर जुना पदर लवकर फाटतो. तो कापून भिंतीवरच्या तुकड्याला लावा, जिथे ओढ कमी बसते.

वर नवं कापड आणि खाली जुनं लुगडं असेल तर नवं आधी धुऊन घ्या. ते ३ टक्के जरी आटलं तरी ९० इंचांत जवळजवळ पावणेतीन इंच जातात, आणि खालच्या बाजूला चुण्या पडतात.

सुरुवात कुठून करायची यावरून सासू-सुनांत वाद होतात. दोघीही बरोबर असतात! वाकळ जमिनीवर ताणून पसरलेली असते, कडेनं फेर धरत आत गेलं तरी हाताखाली सुरकुती कळते. फुगीर वॅडिंग, म्हणजे आत भरायचा तयार थर, घातलेल्या क्विल्टला तसं केलंत तर सगळा फुगवटा मधोमध अडकतो. म्हणून आधी वीतभर अंतरावर कच्चे टाके घाला, मग मधून कडेकडे शिवत जा. मशीनची सुई १६ नंबरची.

पॉलिस्टर वॅडिंग सोलापूरच्या उन्हाळ्यासाठी नाही, घाम आत शिरत नाही. थंडीपुरतं ठीक.

वाळवताना वाकळ गच्चीच्या कठड्यावर उन्हात टाकली तरी चालते. नक्षीचा क्विल्ट उलटा करून सावलीत पसरा. दोरीवर लोंबकळत ठेवला तर ओल्या वजनानं शिवण ताणली जाते. माझ्या त्या क्विल्टचा एक कोपरा अजून लोंबतोय.