यकृत शस्त्रक्रियेतले ‘संरक्षक’ बायोमार्कर तपासताना या चुका टाळा

यकृताच्या शस्त्रक्रियेत रक्तपुरवठा थोडा वेळ थांबवला की पेशींना इजा होते. त्यापासून वाचवणारं हीम ऑक्सिजनेज-१ हे एन्झाइम (‘संरक्षक’ बायोमार्कर) वाढलं का, हे यकृताच्या तुकड्यातल्या आरएनए आणि प्रथिनावरून तपासतात. मिरज-कराडकडून पाठवलेल्या तुकड्यातला आरएनए पुण्याच्या लॅबमध्ये खराब निघाला, की खापर तपासणीच्या किटवर फुटतं. पण बहुतेक वेळा घोळ ओटीतच (ऑपरेशन थिएटरमध्ये) झालेला असतो.

तुकडा कापून काढलेल्या भागातून घेऊ नका. त्याचा रक्तपुरवठा तुटलेला, शिवाय तो ट्रेमध्ये किती वेळ पडून होता हे कुणी लिहिलेलं नसतं. शिल्लक राहणाऱ्या यकृतातून दोन तुकडे घ्या: पहिला पोट उघडल्यावर लगेच, यकृत हलवण्याआधी, दुसरा रक्तपुरवठा थांबवणारा क्लॅम्प (चिमटा) शेवटचा सोडल्यावर, प्रत्येक रुग्णात ठरलेल्या मिनिटाला. पहिल्याला उशीर झाला तर शस्त्रक्रियेमुळेच न्यूट्रोफिल्स (दाह वाढवणाऱ्या पांढऱ्या पेशी) गोळा होतात आणि तो ‘बेसलाइन’ राहत नाही. कॉटरी (विजेने जाळत कापणं) नको, साधं ब्लेड वापरा. प्रिंगल क्लॅम्पचं (यकृतात जाणारं रक्त थांबवण्याचं) १५ मिनिटं बंद, ५ मिनिटं चालू हे चक्र किती वेळा झालं, तेही टिपा.

आता सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट. हीम ऑक्सिजनेज-१ चा एमआरएनए (प्रथिन बनवण्यासाठीची जीनची प्रत) लवकर वाढतो, प्रथिन वाढायला काही तास लागतात. क्लॅम्प सोडून अर्ध्या तासाने घेतलेल्या तुकड्यात प्रथिन वाढलेलं दिसलं नाही, म्हणून ‘संरक्षण नाही’ असा निष्कर्ष काढू नका. उलट, हे एन्झाइम नुसत्या ताणानेही वाढतं. वाढ दिसली म्हणजे यकृत वाचलं असं नाही. निकाल शस्त्रक्रियेनंतरच्या एएसटी, एएलटी, बिलिरुबिन आणि आयएनआर या यकृताच्या रक्ततपासण्यांशी जोडूनच वाचा.

आरएनएलेटरमध्ये (आरएनए टिकवणाऱ्या द्रवात) तुकडा अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जाड नको आणि द्रव निदान पाचपट हवा. रात्रभर ४ अंशांवर, मग द्रव काढून उणे ८०. घाईने थेट गोठवलं तर द्रव आत मुरतच नाही. सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या तुकड्यासाठी फॉर्मेलिन १० टक्के, बफर केलेलं, तुकड्याच्या दहापट.

पीसीआरला (एमआरएनए मोजण्याच्या चाचणीला) तुलनेसाठी एकट्या जीएपीडीएच या संदर्भ जीनवर विसंबू नका. ऑक्सिजन कमी पडला की तोच वाढतो. दोन-तीन संदर्भ जीन्स आधी पारखून घ्या. इम्युनोस्टेनिंगमध्ये (प्रथिन रंगवून बघण्याच्या पद्धतीत) सगळंच तपकिरी आलं तर आधी यकृतातल्या मूळच्या बायोटिनवर संशय घ्या आणि बायोटिन न वापरणारं पॉलिमर किट वापरून बघा.

सांगलीच्या पट्ट्यात आणखी एक प्रश्न विचाराच: हळदीच्या गोळ्या चालू आहेत का? पेशींवरच्या प्रयोगांत हळदीतलं कर्क्युमिन हेच एन्झाइम वाढवतं. भाजीतल्या चिमूटभर हळदीची काळजी नको, कॅप्सूलची मात्र नोंद हवी.