सायकलनं प्रयाग चिखलीला

कोल्हापुरात नवी सायकल घेतली की पहिल्याच रविवारी पन्हाळा गाठायची खुमखुमी येते. चढानं मांड्या भरतात आणि सायकल महिनाभर जिन्याखाली पडते. त्यापेक्षा आधी नद्यांच्या संगमावरच्या प्रयाग चिखली गावाला जाऊन या. गंगावेशीतून जाऊन-येऊन साधारण 15 किलोमीटर, रस्ता जवळजवळ सपाट. दिवस डिसेंबर-जानेवारीतला निवडा, तेव्हा गुऱ्हाळं पेटलेली असतात. पावसाळ्यात नको. 2019 आणि 2021 च्या पुरानं या गावांचं काय झालं ते आपण पाहिलंय.

आदल्या रात्री टायरवर छापलेल्या आकड्याप्रमाणं हवा भरा. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल तळाला गेल्यावर पाय सरळ झाला तर उंची बरोबर. बहुतेकांची सीट खालीच असते, मग गुडघे धरतात. गिअर नसले तरी चालेल, मागचा लाल दिवा मात्र हवाच. नदीकाठी धुकं दाट असतं.

साडेसहाला निघा. शिवाजी पूल ओलांडून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागा आणि आंबेवाडीकडून डावीकडं चिखलीला वळा. पुढं उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली असेल तर घाई करू नका. दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात, मागची झोलते, बाहेर आलेले ऊस खांद्याला घासतात. थांबा, जाऊ द्या.

संगमावर कासारी आणि भोगावती भेटतात. कुंभी, तुळशी वरच्या अंगालाच मिसळलेल्या, सरस्वती गुप्त; अशी पाचांची पंचगंगा. इथं अर्धा तास तरी बसा.

परतताना चिपाडाचा धूर दिसेल तिकडं गुऱ्हाळ असणार, सायकल वळवा. आत जाण्याआधी विचारा, आणि काहिलीपासून, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईपासून, हातभर लांब उभे राहा. भेंडीचा चिकट रस घातला की मळी फेसासकट वर येते, ती झाऱ्यानं काढतात. मग रस घट्ट होत जातो, बुडबुडे जड होतात. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, थोडा पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळवून बघतो. ती जमली की सगळी धांदल उडते, काहील उतरवून पाक थंड करायच्या वाफ्यात ओततात. त्या वेळी वाटेत उभं राहून फोटो काढत बसू नका.

काकवी न्यायची असेल तर घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या. मी पाण्याच्या बाटलीत भरली होती. घरी पोहोचेपर्यंत पंक्चरचं सगळं सामान गोड झालं होतं, आणि दुसऱ्या दिवशी पंपालाही मुंग्या.