सिकलसेलमध्ये पेशी चिकटते ती जागा संगणकावर कशी पाहावी?

नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या पट्ट्यात तर विशेष, सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं नाव कोणाला नवीन नाही. तांबडी पेशी वाकते हे शाळेतच शिकवतात. पण हाडं फोडणाऱ्या त्या वेदना नुसत्या आकारामुळे येत नाहीत. पेशी रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चिकटतात आणि वाट तुंबते. या चिकटण्यात अस्तरावरच्या पी-सिलेक्टिन या प्रथिनाचा मोठा वाटा आहे. त्याची अणूपर्यंतची रचना कोणालाही फुकट पाहता येते, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी विज्ञान शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने ती एकदा तरी पाहावी असं मला मनापासून वाटतं.

पहिली पायरी सोपी. ‘प्रोटीन डेटा बँक’ची वेबसाइट उघडा आणि शोधायच्या चौकटीत १जी१आर हा संकेत इंग्रजी अक्षरांत टाका. २००० साली प्रसिद्ध झालेली ही रचना आहे. ‘स्ट्रक्चर’वर क्लिक केलं की चित्र उघडतं. माउसचं डावं बटण दाबून ते फिरवा, चाकाने जवळ आणा. मोबाइलवरही दिसतं, पण बोटाने नेमका भाग पकडणं अवघड जातं.

इथे अख्खं प्रथिन नाही, फक्त टोकाचे दोन भाग आहेत: लेक्टिन आणि त्याला जोडलेला ईजीएफ. पकड घेतो तो लेक्टिन. मूळ प्रथिनात यांच्याखाली नऊ छोटे भाग एकापुढे एक असतात, त्यामुळे हे टोक अस्तरापासून दूर, वाहत्या रक्तात पोहोचतं.

आता खरा गाभा, इथे घाई करू नका. लेक्टिनच्या कडेला कॅल्शियमचा एकटा गोळा शोधा. त्याला लागून साखरेची छोटी साखळी दिसेल. ती सायलिल लुईस एक्स, पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर असते. तिच्यातल्या फ्युकोज या साखरेवर क्लिक करा. आसपासचे अणू उघडतील आणि तुटक रेषांनी बंध दिसतील. फ्युकोजचे दोन हायड्रॉक्सिल गट थेट कॅल्शियमला धरतात. त्याच कॅल्शियमला दुसऱ्या बाजूने प्रथिनातली ॲस्परजिन, ॲस्पार्टेट यांसारखी अमिनो आम्लं धरून असतात. म्हणजे कॅल्शियम काढून घेतलं तर पकडच राहत नाही. अस्तराला अशा चिकटलेल्या पांढऱ्या पेशींत वाकलेल्या तांबड्या पेशी अडकतात. काही तांबड्या पेशी स्वतःही पी-सिलेक्टिनला चिकटतात.

हीच पकड रोखणाऱ्या क्रिझानलिझुमॅब या औषधाला २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पुढच्या मोठ्या चाचणीत फायदा सिद्ध झाला नाही, म्हणून २०२३ मध्ये युरोपने मान्यता काढून घेतली. घरात रुग्ण असेल तर डॉक्टरांनी दिलेलं हायड्रॉक्सियुरिया हे औषध हा मजकूर वाचून बंद करू नका.

शेवटी दुसऱ्या खिडकीत १जी१एस उघडा. इथे पी-सिलेक्टिनसोबत त्याच्या खऱ्या जोडीदाराचा, पांढऱ्या पेशींवरच्या पीएसजीएल-१ या प्रथिनाचा, तुकडा आहे. त्यावरची सल्फेट लागलेली टायरोसिन ही अमिनो आम्लंही पकडीत भाग घेतात. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून लेक्टिन आणि ईजीएफमधला कोन पाहा: दुसऱ्या चित्रात तो उघडलेला आहे.