पहिल्या लॉटचा लॅपटॉप आणि किनाऱ्यावरचं घर: घेण्याआधीची तयारी

आंब्याचे पैसे हातात आले की मेअखेरीस गावात दोन गोष्टींची चौकशी सुरू होते, पावसाळ्याआधी बदलायचे पत्रे आणि पोरांसाठी लॅपटॉप. तैपेईचं कॉम्प्युटेक्स प्रदर्शनही नेमकं मे-जूनमध्येच भरतं. कंपन्या तिथे नवी मॉडेलं जाहीर करतात, यूट्यूबवर त्यांचे व्हिडिओ झळकतात, आणि ‘नवीनच आलंय, घेऊन टाकू का?’ असं विचारणारे फोन येऊ लागतात. माझं उत्तर आधीच सांगतो. सर्व्हिस सेंटरला सकाळी निघून संध्याकाळी घरी परत येता येत नसेल, तर एखाद्या मॉडेलचा पहिला लॉट घेऊ नका. सहा महिने थांबा, नाहीतर त्याच्या आधीचं मॉडेल घ्या. हापूसची पहिली पेटी वाशीला भाव खाते, घरात मात्र एप्रिल उजाडल्याशिवाय आंबा कापत नाहीत, तसंच हे. तरीही घ्यायचाच असेल, तर पुढची तयारी करून घ्या.

पहिलं काम म्हणजे त्यात नवं नेमकं काय आहे ते शोधणं. ‘पहिली पिढी’ म्हटली की सगळी एकाच मापाने मोजायची नसते. ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ चिप आणली तेव्हा चिप कोरी होती, पण मॅकबुक एअरची बॉडी आणि कीबोर्ड जवळजवळ त्याच वर्षीच्या आधीच्या मॉडेलचे होते. ती यंत्रं चांगली निघाली. बाहेरचा मॉनिटर मात्र एकच जोडता यायचा, आणि हे पुष्कळांना घरी आणल्यावर कळलं. उलट २०१२ च्या पहिल्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये पडदाच नवा होता. त्यातल्या काही पडद्यांवर आधीच्या चित्राची सावली राहायची आणि प्रकरण अमेरिकेत कोर्टापर्यंत गेलं. २०१५ च्या बारा इंची मॅकबुकचा बटरफ्लाय कीबोर्ड धुळीच्या कणाने अडायचा. ॲपलने जून २०१८ मध्ये त्याच्या मोफत दुरुस्तीची योजना काढली आणि २०१९ च्या शेवटी ती रचना सोडून द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे फेब्रुवारीपासून घराघरात तांबडी माती उडत असते, त्यामुळे असल्या कीबोर्डाचं इथे काय झालं असतं ते वेगळं सांगायला नको. म्हणून माझा ठोकताळा असा: जुन्या बॉडीत नवी चिप असेल तर विचार करावा, पण नवी बिजागरी, नवा पडदा, नवा कीबोर्ड यांतलं काहीही असेल तर पहिला पाऊस जाऊ द्यावा.

चिपसुद्धा दगा देत नाही असं नाही. जानेवारी २०११ मध्ये इंटेलचे सँडी ब्रिज प्रोसेसर आले आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला कंपनीला सोबतच्या चिपसेटचा (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिपचा) पुरवठा थांबवावा लागला, कारण त्यातले काही साटा पोर्ट, म्हणजे डिस्क जोडायच्या जागा, वापरता वापरता क्षीण होत जाणार होते. जे दोन महिने थांबले त्यांना दुरुस्त बोर्ड मिळाला. आता याची उलट बाजूही सांगतो, नाहीतर थांबणं हाच रामबाण उपाय वाटेल. इंटेलचे तेराव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर २०२२ च्या शेवटी आले, पण ते अस्थिर होत असल्याचा बोभाटा झाला २०२४ मध्ये. तेव्हा मायक्रोकोडची, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रामची, दुरुस्ती आली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. सहा महिने थांबून बिजागरीचे आणि पडद्याचे दोष समजतात, असा सावकाश मुरणारा दोष समजत नाही. त्याला औषध एकच, तीन वर्षांची वॉरंटी.

वॉरंटीवरून दुसरं काम. कंपनीच्या साइटवर आपला पिनकोड टाकून बघा. ‘ऑनसाइट’ लिहिलेलं असतं, पण तंत्रज्ञ घरी येणार की माल आपण नेऊन द्यायचा हे पिनकोडवर ठरतं. रत्नागिरी शहराला जे मिळतं ते दापोलीच्या आतल्या वाडीला मिळेलच असं नाही. चॅटवर विचारा आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. मग आपला रस्ता बघा. राजापूर-लांज्याकडचे कोल्हापूर गाठतात, सावंतवाडी-वेंगुर्ल्याचे गोव्यात उतरतात, उत्तरेकडचे सरळ मुंबईला पाठवतात. जुलैत घाटात दरड आली की हा हिशेब कोलमडतो. नव्या मॉडेलचे सुटे भाग सुरुवातीला मोठ्या शहरांतसुद्धा लवकर मिळत नाहीत, म्हणजे एकदा माल देऊन यायचं आणि एकदा आणायला जायचं. मुंबईत भाऊ-बहीण कोणी असेल तर दुरुस्तीचा पत्ता त्यांचा द्या. ठाणे-डोंबिवलीचा पत्ता हीच कोकणातली खरी एक्स्टेंडेड वॉरंटी आहे.

आता पडदा. इथे घाई करू नका, कारण फसगत बहुतेक इथेच होते. माहितीपत्रकात ‘फुल एचडी आयपीएस’ एवढंच लिहिलेलं असेल तर पुढे दोन आकडे शोधा. एनटीएससी आणि एसआरजीबी ही रंगांच्या आवाक्याची मापं, निट्स हे उजेडाचं. ‘४५ टक्के एनटीएससी’ आणि ‘२५० निट्स’ असं दिसलं की समजा रंग फिके आहेत, साधारण एसआरजीबीच्या दोन-तृतीयांशाच्या आत-बाहेर. हिशेबाला आणि ऑनलाइन तासांना तेवढा पडदा पुरतो. होमस्टेचे फोटो एडिट करणाराला पुरत नाही, समुद्र मोबाइलवर निळा आणि लॅपटॉपवर राखाडी दिसतो. त्याने १०० टक्के एसआरजीबी मागावं. पडवीत बसून काम करणार असाल तर ४०० निट्स आणि मॅट फिनिश बघा. चकचकीत पडद्यात दुपारी माडाच्या झावळ्या आणि आपलंच तोंड, बाकी काही दिसत नाही. आणखी एक गोम आहे. एकाच मॉडेलच्या नावाखाली दोन-तीन कंपन्यांचे पॅनेल बसवलेले असतात, आणि परीक्षणासाठी पाठवलेला नग साहजिकच त्यांतला बरा असतो (असा माझा संशय आहे, पुरावा मागू नका). म्हणून परीक्षण वाचताना तो नेमका कोणता व्हेरियंट होता ते बघा, आणि आपला नग आला की एचडब्ल्यूइन्फोसारख्या प्रोग्रामात पॅनेलचा नंबर पडताळा.

माल हातात आल्याच्या पहिल्या रात्री खोली अंधारी करा. लाईट गेली असेल तर उत्तम, तेवढा त्रास वाचला. पूर्ण काळं चित्र फुलस्क्रीन लावा आणि ब्राइटनेस मध्यावर ठेवा. कोपऱ्यातून पिवळट उजेड झिरपताना दिसला तर झाकण दोन्ही बाजूंनी अलगद धरून बघा. धरल्याने उजेड हलत असेल तर पडदा चौकटीत नीट बसलेला नाही. मग पांढरं, लाल, हिरवं, निळं अशी चित्रं एकेक करून लावा. फुल एचडीत २०,७३,६०० पिक्सेल असतात. त्यांतला एखादा मेलेला निघाला म्हणून कंपनी पडदा बदलतेच असं नाही, कारण अमुक ठिपक्यांपर्यंत चालतं अशी प्रत्येकीची मर्यादा असते. ती मर्यादा घेण्याआधी वाचा आणि बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत मोजा. पुढची परीक्षा सावलीची. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा पट दहा मिनिटं तसाच ठेवा, मग सपाट करडा रंग लावा. पट भुतासारखा मागे राहिला आणि बराच वेळ गेला नाही, तर नग परत. ओएलईडी (ज्याचे ठिपके स्वतःच उजळतात असा पडदा) असेल तर ब्राइटनेस अगदी कमी करून मोबाइलच्या कॅमेऱ्यात शटरचा वेग १/१००० सेकंदाच्या पुढे नेऊन बघा. जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर पडदा लुकलुकतो आहे, आणि ज्यांचं डोकं लवकर दुखतं त्यांनी तो घेऊ नये. हे सगळं एकदा थंड यंत्रावर करा आणि दोन तास व्हिडिओ चालवून यंत्र तापल्यावर पुन्हा करा, कारण काही डाग ऊब लागल्याशिवाय वर येत नाहीत. शेवटी झाकण वीसेक वेळा उघडा-मिटा आणि कान देऊन ऐका. बिजागरीत करकर ऐकू आली तर पुढे तिथूनच पडद्याची चौकट उकलणार.

खारी हवा आणि दमट. ॲपलच्याच लॅपटॉपच्या कागदावर हवेतला ओलावा ९० टक्क्यांपर्यंत, तोही पाणी साचू न देता, अशी मर्यादा दिलेली असते. आपल्या आषाढात घरातली हवा ती मर्यादा सहज ओलांडते. त्यावर उपाय म्हणजे यंत्र रोज तासभर तरी चालू ठेवणं. कपाटात गुंडाळून ठेवलेलं बिघडतं, चालतं ते स्वतःच्या उबेने कोरडं राहतं. वापर नसेल तेव्हा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. समुद्राजवळच्या घरात पडद्यावर मिठाचा बारीक थर बसतो. तो कोरड्या फडक्याने घासला की वरच्या लेपावर ओरखडे येतात. मऊ फडकं डिस्टिल्ड पाण्यात जेमतेम ओलं करून आधी टिपून घ्या, मग पुसा. काच पुसायचं निळं पाणी पडद्याला लावू नका. आत ओलावा ओळखणाऱ्या छोट्या टिकल्या असतात, पाणी लागलं की त्या लाल होतात आणि वॉरंटी तिथेच अडते. म्हणून अपघाती नुकसानीचं संरक्षण बिलासोबतच घ्या.

विजेबद्दल थोडक्यात. जांभ्या कातळावरच्या घरात अर्थिंग बहुधा नावापुरतं असतं. धातूच्या बॉडीला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर वायरमनला बोलवून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजायला सांगा, दोन-तीन व्होल्टच्या वर नको. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की चार्जर काढाच, राउटरची लॅन केबलसुद्धा.

जे गावात दाखले-अर्जांचं सेवा केंद्र चालवतात त्यांनी एक जास्तीचं विचारून घ्यावं. जून २०२४ मध्ये आलेल्या स्नॅपड्रॅगन एक्सच्या लॅपटॉपांसारखी एआरएम यंत्रं (इंटेलपेक्षा वेगळ्या घडणीच्या चिपची) बॅटरीला दमदार असतात. साधे प्रोग्राम त्यांवर भाषांतर होऊन चालतात, पण जोडलेलं उपकरण चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, मात्र एआरएमसाठी बनवलेलाच लागतो. बोटाचा ठसा घेणारं यंत्र, डिजिटल सहीचा टोकन, जुना प्रिंटर यांचा तसा ड्रायव्हर निघालेला नसेल, तर ते यंत्र तुमच्या टेबलावर शोभेला राहील. एकेक उपकरणाचं नाव घेऊन विचारा, ‘विंडोज आहे म्हणजे चालेल’ या उत्तरावर थांबू नका.

बॅकअपची बाहेरची डिस्क त्याच बिलात घ्या. नव्या पातळ यंत्रांत स्टोरेज बऱ्याचदा बोर्डावरच झाळलेलं असतं, बोर्ड गेला की फोटो आणि हिशेबही गेले. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली. डिस्क माळ्यावर ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको.

माल येईल तेव्हा खोक्याची पट्टी कापण्यापासून एकसलग व्हिडिओ काढा, सीरियल नंबर दिसेल असा. बिलावर तोच नंबर आहे ना ते बघा आणि कंपनीच्या साइटवर वॉरंटीची तारीख बिलाशी जुळवा. दुकानात महिनोन्महिने पडून असलेल्या नगाची वॉरंटी आधीच सुरू झालेली असू शकते, बिल पाठवून ती दुरुस्त करून घेता येते. खोकं आणि थर्माकोल माल बदलून मिळण्याची मुदत संपेपर्यंत टाकू नका. दोष दिसला तर फोनवर बोलून भागवू नका, ईमेल करा आणि तक्रार क्रमांक घ्या. दाद लागत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही दावा लावता येतो, त्यामुळे विक्रेता बेंगळुरूचा असला तरी वेंगुर्ल्याच्या माणसाला सिंधुदुर्गातच अर्ज करता येतो. सोबत बिल, तो व्हिडिओ आणि पिनकोडवाला स्क्रीनशॉट जोडा.