डुकराचे मांस शिजवताना पट्टकृमी टाळण्यासाठी

डुकराचे मांस विकत घेताना कापलेला भाग उजेडात धरून पाहावा. स्नायूंच्या धाग्यांमध्ये भिजलेल्या साबुदाण्यासारखे, पाच ते दहा मिलिमीटरचे पांढुरके फोड दिसले, तर त्या पट्टकृमीच्या (टेपवर्म, म्हणजे आतड्यात वाढणारा चपटा जंत) अळ्या असतात आणि ते मांस घेऊ नये. मात्र फोड थोडे असले की ते नजरेतून सुटतात, त्यामुळे खरी भिस्त शिजवण्यावरच ठेवावी.

अखंड तुकड्याच्या गाभ्याचे तापमान ६३ अंश सेल्सियसला पोहोचल्यावर तो ३ मिनिटे तसाच राहू द्यावा; खिम्यासाठी ७१ अंश गाठावेत. मांसाचा गुलाबी रंग गेला एवढ्यावर विसंबू नये, स्वयंपाकाचा थर्मामीटर सर्वांत जाड भागात खुपसून आकडा पाहावा. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जात असल्याने नीट शिट्ट्या झालेल्या रश्श्याची चिंता नसते. चिंता असते ती निखाऱ्यावर वरून करपलेल्या आणि आतून कच्च्या राहिलेल्या तुकड्यांची.

गोव्याच्या चोरिसांबाबत (डुकराच्या मांसाच्या सॉसेजबाबत) बरेच जण फसतात. मिरची, मीठ आणि व्हिनेगरमध्ये मुरवून, सुकवून माळेत ओवलेले हे मांस तयार वाटते, पण ते कच्चेच असते. म्हणून आवरण काढून, थोडे पाणी व कांदा घालून, चरबी सुटून रश्श्यावर तरंगेपर्यंत ते उकळावे आणि मगच पावात भरावे. मुरवणे हा चवीचा भाग आहे, कृमी मारण्याचा नव्हे. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट कोशिंबिरीसाठी तसेच वापरू नयेत.

पट्टकृमी आतड्यात कित्येक मीटर वाढला तरी त्रास फारसा जाणवत नाही. शौचातून चपटे पांढरे तुकडे पडणे हीच बहुधा पहिली खूण असते. याच कृमीच्या अळ्यांमुळे मेंदूत गाठीही होऊ शकतात; त्या मात्र मांसामुळे नव्हे, तर बाधित माणसाच्या विष्ठेतील अंडी हातांवाटे, पाण्यावाटे किंवा न धुतलेल्या भाजीवाटे पोटात गेल्याने, आणि म्हणूनच शाकाहारी माणसालाही त्या होतात. शौचानंतर व स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुणे त्यामुळे घरातल्या प्रत्येकाला लागू आहे.

तुकडे दिसल्यास शौचाची तपासणी करून घ्यावी. जंताची गोळी परस्पर घेऊ नये: मेंदूत गाठी असतील तर औषधाने त्या मरताना सूज येऊन फिट येऊ शकते, म्हणून पूर्वी कधी फिट आली असेल किंवा डोके सतत दुखत असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे.