श्रावण पाळायच्या आधी: दारू, मिश्री आणि मावा सोडताना

गटारी झाली की सातारा-सांगलीकडे घरोघरी श्रावण पाळायला सुरुवात होते. वारीच्या आधी माळ घालून दारू सोडणारेही असतात. पंधरा दिवसांतून एकदा बसणाऱ्याला यात धोका नाही. पण सकाळी उठल्यावर हाताची थरथर थांबवायला ज्याला घोट लागतो, त्याने एका रात्रीत बाटली खाली ठेवली तर जिवावर बेतू शकतं.

म्हणून आधी हिशेब करा. विदेशी दारूची एक क्वार्टर म्हणजे 180 मिली. 42.8 टक्क्यांच्या हिशेबाने त्यात जवळपास 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. रोज एवढी किंवा जास्त जात असेल, सकाळची लागत असेल, किंवा पूर्वी सोडताना फिट वा भास झाले असतील, तर आधी डॉक्टर, मग श्रावण. हातभट्टीत किती कडक माल आहे ते कळत नाही, तेव्हा ती जास्तच धरावी. 'महिनाभर सोडतो म्हणजे मी व्यसनी नाही' या बोलण्यावर जाऊ नका. श्रावण संपल्यावरच्या पहिल्या आठवड्यात किती प्यायली, ते मोजा.

शेवटच्या घोटानंतर साधारण 6 ते 24 तासांत थरथर, घाम, उलट्या सुरू होतात, झोप उडते. फिट येण्याचा धोका बहुधा पहिल्या 48 तासांत असतो. खरी कसोटी दुसऱ्या ते चौथ्या दिवसाची. माणूस घरच्यांना ओळखत नाही, अंगावर किडे दिसतात, चादर ओढत बसतो, ताप चढतो. याला बाहेरची बाधा समजून देवऋषाकडे नेण्यात जे तास जातात, तेच महाग पडतात. ही इमर्जन्सी आहे, 108 ला फोन करा. फिट आली तर कुशीवर वळवा, आसपासच्या टोकदार वस्तू बाजूला करा. कांदा, चप्पल काही हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका.

दवाखान्यात क्लोरडायझेपॉक्साइडसारख्या गोळ्या देऊन आठवडाभरात डोस उतरवत नेतात. यकृत बिघडलेलं असेल तर दुसरी गोळी निवडतात, त्यामुळे कावीळ होऊन गेली असेल तर सांगाच. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या आणून हा प्रयोग घरी करू नये. एका व्यसनाच्या जागी दुसरं लागतं. अशक्तपणा आला म्हणून गावातल्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावायची सवय आहे. तिथे 'हे रोज पितात' हे लाजून लपवू नका. पिणाऱ्याच्या अंगात बी-वन म्हणजे थायमिन कमी असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. आधी थायमिन, मग ग्लुकोज.

घरच्यांची एक चूक वारंवार होते: दारू सुटावी म्हणून भाजीत गुपचूप गोळी कालवणं. ती बहुतेक डायसल्फिराम असते. ती अंगात असताना दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, धडधड आणि उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयाचा आजार असलेल्याचा त्यात जीव जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. ज्याला द्यायची त्याला सांगून, तपासण्या करून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ही गोळी चालते.

मिश्रीला मात्र आपल्याकडे कुणी व्यसन म्हणतच नाही. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू ती, आणि दिवसातून तीन-चार वेळा हिरड्यांना लागते. 'लावल्याशिवाय पोट साफ होत नाही' ही बायकांची तक्रार खोटी नाही, निकोटिनने आतडी हलतात. सोडल्यावर एक-दोन आठवडे बद्धकोष्ठ राहतो. तेव्हा कोमट पाणी, पपई आणि रात्री इसबगोल आधीच सुरू करा. सकाळची वेळ सगळ्यात अवघड, म्हणून दुपारची आणि रात्रीची आधी सोडा, सकाळची शेवटी. गरोदर बाईने टप्पे न करता लगेच थांबवावं, बाळ कमी वजनाचं जन्मण्याचा धोका असतो. हे आशाताईंना बिनदिक्कत सांगा.

मावा सोडणारे तंबाखू काढून नुसत्या सुपारीवर येतात. उपयोग नाही. तोंड आखडतं ते सुपारीनेच. तीन बोटं उभी आत जात नसतील, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम वा पांढरा-लाल चट्टा असेल, तर दंतवैद्याला दाखवा. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ लवंग किंवा बडीशेप तोंडात ठेवा. निकोटिन गम वापरत असाल तर तो सलग चघळायचा नाही. झिणझिण्या येईपर्यंत हळू चावायचा, मग गालात दाबून ठेवायचा, असं अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चहा नको, नाहीतर औषध शोषलंच जात नाही.

ऊसतोडीच्या टोळ्यांत दिवसभराच्या अंगदुखीवर संध्याकाळी दारू, असा हिशेब असतो. मुकादमाने आठवड्याची खर्ची बाईच्या हातात द्यायची, हा साधा बदल भाषणापेक्षा जास्त काम करतो. तालमी-जिमच्या पोरांत मेफेन्टरमिनचं इंजेक्शन शिरलंय. ते ऑपरेशनच्या वेळी पडलेला रक्तदाब उचलायचं औषध आहे, ताकदीचं नव्हे. पोराच्या बॅगेत रिकाम्या बाटल्या आणि सुया दिसल्या तर मारझोड न करता सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.

सोडल्यानंतर पहिले तीन महिने जपायचे. माळ घातलेला टिकतो तो बहुतेक संगत बदलल्यामुळे आणि संध्याकाळच्या हरिपाठामुळे. नुसती माळ पुरत नाही. उसाचं बिल जमा होण्याचा दिवस, बाजाराचा वार, पालीची जत्रा, भावकीतलं लग्न: या तारखा आधी कॅलेंडरवर लिहा आणि त्या दिवशी सोबत कोण असेल ते ठरवा. भूक, राग, एकटेपणा, थकवा यांतलं एक जरी असलं तरी मन घसरतं, म्हणून संध्याकाळी सहाच्या आत पोटभर खायला घाला.

सातारकरांना डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली 'परिवर्तन' संस्था जवळ आहे, पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. 14446 ही नशामुक्तीची आणि 1800112356 ही तंबाखू सोडण्यासाठीची मोफत हेल्पलाइन. घरातल्यांचं मन खचलं तर टेली-मानसचा 14416. घसरण झालीच तर किती प्यायली, कधी आणि कुणासोबत, एवढं लिहून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मधे डायसल्फिराम चालू असेल तर तेही तिथे पहिल्या वाक्यात सांगा.